चालती मोटार मध्येंच बंद पडते तेव्हां

मोटारगाडी सकाळीं दारांतून हललीच नाहीं, तर घरांतील माणसें चिडतात. पण तीच गाडी भर रस्त्यांत, चालतां चालतां, एकाएकीं मुकी झाली, तर तीं घाबरतात. हा फरक केवळ मनाचा नव्हे. दारांत उभ्या असलेल्या गाडीपाशीं शेजारी असतात, पाणी असतें, रिक्षा मिळते. फार तर कचेरीस उशीर होतो. घाटाच्या चढावर बंद पडलेल्या गाडीच्या मागें मात्र माल लादलेला ट्रक येत असतो, आणि आंत मागच्या बाकावर वृद्ध आई व दोन मुलें बसलेलीं असतात.

या दुखण्याचा आणखी एक विशेष असा कीं, अर्ध्या तासानें गाडी आपण होऊन बरी होते! मग आपण ती गॅरेजांत नेतों. मिस्त्री बॉनेट उघडतो, दोनदां सेल्फ मारतो, पांच मिनिटें फेरी मारून येतो आणि म्हणतो, “साहेब, गाडीला तर कांहींच झालेलें नाहीं.” ताप उतरल्यावर वैद्यापुढें नाडी धरावी, तशांतलाच हा प्रकार. पण गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानें परत कसें पाठवावें? म्हणून अंदाजानें एकेक भाग बदलला जातो. ज्याचा कांहीं अपराध नाहीं त्याची हकालपट्टी होते, आणि खरा अपराधी इंजिनाच्या काळोख्या कोपऱ्यांत सुखानें नांदत राहतो.

वाचकांना मिस्त्री बनवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. पण घरांतील जें कोणी गाडी चालवितें, आणि आतां पुष्कळ घरांत दादांइतक्याच वहिनीही चालवितात, त्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या. गाडी बंद पडल्या क्षणीं काय करावें ही एक. आणि ती कां बंद पडली याचा पुरावा कसा गोळा करावा ही दुसरी.

पहिली आधीं सांगतों, कारण तिच्यावर प्राण अवलंबून असतात. इंजिन बंद पडलें म्हणून चाकें थांबत नाहींत. गाडी आपल्या वेगानें पुढें जातच असते. बदल होतो तो एवढाच कीं, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग एकदम जड होतें आणि ब्रेक दगडासारखा लागूं लागतो. या दोहोंना हात देणारी शक्ति इंजिनाकडून येत असते, ती आतां नाहींशी झालेली असते. स्टिअरिंग जड झालें तरी फिरतें. दोन्ही हातांचा जोर मात्र लावावा लागतो. ब्रेकला साह्य करणाऱ्या डब्यांत एकदोन वेळां पुरेल एवढी शक्ति शिल्लक असते. गोंधळून पायानें भराभर ठोके मारले, तर ती तेव्हांच संपून जाते. यासाठीं ब्रेक एकदांच, सलग आणि दमानें दाबावा. चारी इशाऱ्याचे दिवे लावावे, गाडी न्यूट्रलमध्यें घ्यावी आणि वेग शिल्लक आहे तोंवरच ती डाव्या कडेला आणावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली मात्र मुळींच काढूं नये. किल्लीच्या गाडींत ती काढतांच स्टिअरिंगला कुलूप बसूं शकतें, आणि मग उरलेल्या पन्नास हात वाटेवर आपली कांहींच सत्ता चालत नाहीं.

गाडी थांबली कीं हँडब्रेक, आणि मग माणसें. घाटांत किंवा द्रुतगति मार्गावर सामान आंत राहिलें तरी चालेल; माणसें डाव्या दारानें उतरवून कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून दूर नेऊन उभीं करावीं. लाल त्रिकोण पन्नास पावलें तरी मागें ठेवावा. जवळ वळण असेल, तर वळणाच्याही मागें. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोठेंही ११२ हे मदतीचे क्रमांक आहेत. आपल्याकडे गाडी बंद पडतांच सारी पुरुषमंडळी बॉनेटभोंवतीं जमून माना आंत घालतात. ही पद्धत निदान हमरस्त्यावर तरी सोडून द्यावी.

आतां दुसरी गोष्ट. पेट्रोलच्या इंजिनाला जिवंत राहण्यास हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीन वस्तु लागतात, आणि त्या ठरलेल्या प्रमाणांत व ठरलेल्या क्षणीं लागतात. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. या जमाखर्चांत थोडीशी चूक इंजिन सोसतें, अधिक झाली तर धक्के खातें, आणि त्याहून अधिक झाली तर थांबतें. म्हणजे प्रश्न एकच उरतो: तिघांपैकीं गैरहजर कोण होतें?

जुन्या गाड्यांत हा प्रश्न सोपा होता, कारण सारें कांहीं डोळ्यांना दिसत असे. मुंबईच्या रस्त्यांवर धांवणाऱ्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी अनेकांच्या स्मरणांत असतील. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेल्या त्या गाड्यांपैकीं शेवटच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाल्या. त्यांत हवा व पेट्रोल यांची सांगड कार्ब्युरेटर घालीत असे आणि ठिणगी डिस्ट्रिब्यूटर वांटीत असे. उन्हाळ्यांत घाट चढतांना अशी गाडी बंद पडली, तर चालक शांतपणें उतरे, फडका पाण्यांत भिजवी आणि पेट्रोलच्या पंपावर गुंडाळून विडी पेटवीत दूर जाऊन बसे. तें कांहीं मंत्रतंत्राचें काम नव्हतें. इंजिनाच्या उष्णतेनें नळींतील पेट्रोलची वाफ होई. तो पंप द्रव ढकलण्यासाठीं बनलेला, वाफ त्याला ढकलतां येत नसे. फडक्यानें पंप थंड झाला कीं वाफेचें पुन्हा पेट्रोल होई व गाडी चालूं लागे. हा ओला फडका वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हा भेटणार आहे.

त्याच गाड्यांचा आणखी एक मौजेचा रोग म्हणजे टाकीचें झांकण. टाकींतून पेट्रोल जसजसें खर्च होतें, तसतशी त्या जागीं हवा आंत यावी लागते. त्यासाठीं झांकणाला बारीकसें छिद्र असे. तें धुळीनें बुजलें, किंवा मूळचें झांकण हरवून कोणी भलतेंच बसविलें, कीं टाकींत पोकळी निर्माण होई आणि पेट्रोल पुढें येईनासें होई. गाडी दहावीस मैल उत्तम चाले, मग गुदमरून बंद पडे. थोडा वेळ थांबलें कीं पुन्हा चाले. झांकण सैल करतांच ‘फुस्स’ असा आवाज आला, तर निदान पक्कें! हल्लींच्या गाड्यांत टाकीची हवा कोळशाच्या डब्यांतून येते व जाते. तो मार्ग बुजला, तर याच जातीचा त्रास होऊं शकतो. पंपावर टाकी काठोकाठ भरण्याचा हट्ट धरल्यानें पेट्रोल त्या डब्यांत शिरतें, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

आजच्या गाडींत कार्ब्युरेटर नाहीं. टाकींतच बुडवून ठेवलेला विजेचा पंप पेट्रोल पुढें लोटतो, पिचकाऱ्या तें मोजून उडवितात, आणि केव्हां, किती उडवावें हें एक लहानसा संगणक ठरवितो. त्या संगणकाला डोळे नाहींत. जागोजागीं बसविलेले सेन्सर त्याला बातम्या देतात आणि त्यांवर विसंबून तो हुकूम सोडतो. बातमी चुकली, तर हुकूम चुकतो. बातमीच आली नाहीं, तर हुकूम सुटतच नाहीं. आमच्या घरच्या गाडीनें आम्हांला हा धडा चार महिने शिकविला.

गाडी सात वर्षांची, पेट्रोलची. वैशाखांत एका मुंजीसाठीं पुण्याहून वाईस निघालों होतों. आई, थोरल्या वहिनी व दोन मुलें बरोबर होतीं. खंबाटकीचा चढ अर्धाअधिक झाला असेल, तोंच इंजिन बंद पडलें. धक्का नाहीं, खोकला नाहीं. दिवा फुंकर मारून विझवावा तसें. मागच्या ट्रकचालकानें प्रसंगावधान राखून गाडी उजवीकडे घातली, म्हणून हा लेख लिहिण्यास मी शिल्लक आहें. ट्रक शेजारून गेला, तेव्हां आईच्या दारापासून तो हातभर अंतरावर होता. आम्ही कठड्यापाशीं पाऊण तास बसलों. मग सहज सेल्फ मारून पाहिला, तों गाडी सुरू! मुहूर्तही टळला नाहीं. त्यामुळें सर्वजण प्रसंग विसरले. आई मात्र विसरली नाहीं. परततांना ती एस्. टी.नें आली.

पुण्यास आल्यावर एका गॅरेजांत गाडी दाखविली. त्यांनीं प्लग बदलले. बारा दिवसांनीं गाडी पुन्हा बंद पडली. मग बॅटरी बदलली, पुन्हा तेंच. मग संगणकाशीं बोलणारें यंत्र लावून पाहिलें. त्यांत कांहीं दोष नोंदलेला सांपडला नाहीं. तेव्हां “पेट्रोलचा पंपच गेला असणार” असा निकाल होऊन तो अख्खा बदलण्यांत आला. त्या बिलाचा आंकडा येथें देत नाहीं. पंप नवा असतांना गाडी हडपसरच्या पुढें भर दुपारीं पुन्हा थांबली. “विकून टाका” असा सल्ला त्याच गॅरेजांतून मिळाला. दादा तयारही झाले. वहिनींनीं मात्र विचारलें, “जी गाडी आपल्या माणसांना घेऊन जाण्यास योग्य नाहीं, ती दुसऱ्याच्या माणसांना विकायची कशी?” यावर कोणाजवळ उत्तर नव्हतें.

वहिनी कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवितात. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं मुलांच्या शाळेची एक कोरी वही गाडींत ठेवली आणि घरांतील सर्वांना बजावलें कीं, गाडी बंद पडली कीं तर्क लढवूं नका. जें दिसलें तें लिहा. रकाने त्यांनींच आंखले होते: तारीख, वेळ, गाडी किती मिनिटें चाललेली होती, ऊन कीं पाऊस, टाकींत पेट्रोल किती, वेग किती, एअर कंडिशनर चालू कीं बंद, बंद पडतांना धक्के बसले कीं नाहीं, इंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा कसा पडला, कोणता दिवा लागला, आणि किती वेळानें सुरू झाली. दादांनीं प्रथम थट्टा केली. पण पहिली नोंद त्यांचीच आहे, आणि ती फार व्यवस्थित आहे.

पुढें कांहीं आठवडे गाडी एकट्यानें, गांवांतल्या गांवांत, मोकळ्या रस्त्यावरच चालवावी असें ठरलें. आठ नोंदी झाल्यावर वही उघडली, तेव्हां कितीतरी तर्क आपोआप गळाले. टाकी दोनदां भरलेली होती, तीनदां निम्मी, बाकी वेळां तळाशीं. म्हणजे पेट्रोलच्या पातळीशीं संबंध नव्हता. एअर कंडिशनर कधीं चालू, कधीं बंद. वेग कधीं वीस, कधीं साठ. परंतु आठही वेळां गाडी पन्नास मिनिटांहून अधिक चाललेली होती; सकाळीं मुलांना शाळेंत सोडतांना ती एकदांही थांबली नव्हती; आणि आठही वेळां वीस ते तीस मिनिटांच्या विश्रांतीनंतरच ती उठली होती. शिवाय प्रत्येक नोंदींत तेंच एक वाक्य होतें: गाडी गिअरमध्यें, चाकें फिरत आहेत, तरी फेऱ्यांचा कांटा एकदम शून्यावर.

ही वही घेऊन आम्ही पेठेंतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं बॉनेट उघडण्यापूर्वीं वही वाचली, चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा वाचली. मग वहिनींना म्हणाले, “ताई, हें पेट्रोलचें दुखणें नव्हे. पेट्रोल कमी पडलें कीं गाडी आचके देते, कांटा डुलत डुलत खालीं येतो. इथें इंजिन फिरतंय, पण आंतल्या शहाण्याला तें कळतच नाहीं.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा. इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर एक दांतेरी चक्र फिरतें. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दांत्यांची जागा असून दांते अठ्ठावन्नच असतात. दोन मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे ती रिकामी जागा समोरून गेली कीं फेरींतील नेमकी स्थिति समजते. या चक्रासमोर अंगठ्याएवढा एक सेन्सर बसविलेला असतो. दांते समोरून जातात तशी त्यांत विजेची स्पंदनें उठतात, आणि त्यांवरून संगणक ठिणगी व पेट्रोल यांची वेळ साधतो. सेन्सर जुना होऊन आंतील बारीक तारेला तडा गेला, तर थंड असतांना तारेचीं टोकें चिकटून राहतात. इंजिनाच्या धगीनें तीं प्रसरण पावून अलग होतात. त्या क्षणीं स्पंदनें बंद पडतात. संगणक समजतो कीं, इंजिन फिरतच नाहीं. आणि न फिरणाऱ्या इंजिनाला पेट्रोल व ठिणगी कशाला द्यावी, अशा विचारानें तो दोन्ही एकदम बंद करतो. पुष्कळ गाड्यांत फेऱ्यांचा कांटाही याच बातमीवर चालतो. म्हणून तो डुलत नाहीं. तुटून पडल्यासारखा पडतो.

तर्क पटला, तरी मिस्त्रींनीं त्यावर भाग बदलला नाहीं, आणि हेंच मला विशेष वाटतें. त्यांनीं मला सांगितलें, “साहेब, तासभर फिरवून आणा, आणि बंद न करतां इथें उभी करा.” तशी ती आणली. बॉनेट झांकून इंजिन तसेंच चालू ठेवलें. सतरा मिनिटांनीं तें थांबलें. त्यांनीं लगेच यंत्र जोडून सेल्फ मारण्यास सांगितलें. सेल्फ इंजिन गरगर फिरवीत होता, आणि यंत्रावर फेऱ्यांचा आंकडा मात्र शून्य! मग त्यांनीं गार पाण्यांत फडका भिजविला, पिळला आणि त्या सेन्सरवर तीन मिनिटें धरून ठेवला. सेल्फ मारतांच गाडी सुरू झाली. एवढ्यावरही त्यांचें समाधान झालें नाहीं. केस वाळविण्याच्या यंत्रानें त्यांनीं तोच सेन्सर पुन्हा तापविला. गाडी पुन्हा थांबली. दोनदां करून दाखविल्यावर ते म्हणाले, “आतां बदलतों.” नवा सेन्सर पंपाच्या किंमतीच्या पांचव्या हिश्शांत आला आणि बसविण्यास अर्धा तास लागला. आई पुढच्या महिन्यांत त्याच गाडीनें वाईस गेली. मात्र खंबाटकी संपेपर्यंत ती कोणाशीं बोलली नाहीं.

प्रत्येक गाडीचा रोग हाच असतो असें मात्र कोणीं समजूं नये. इतर रोगांचीं लक्षणें निराळीं असतात, आणि तीं ओळखण्यास वहीचे तेच रकाने उपयोगीं पडतात.

चौकांतील तांबड्या दिव्यापाशीं येऊन वेग कमी करतांच गाडी बंद पडत असेल आणि एक्सलरेटरवर पाय ठेवला तर तगत असेल, तर संशय हवेच्या वाटेवर घ्यावा. हवा आंत सोडणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेभोंवतीं काजळी सांचली कीं, पाय काढल्यावर जी चिमूटभर हवा मिळावयाची तीही मिळत नाहीं. ती जागा नीट स्वच्छ केल्यानें पुष्कळदां काम भागतें. उलट, हवेची रबरी नळी कोठें फाटली असेल, तर न मोजलेली हवा आंत शिरून मिश्रण पातळ होतें. तेथें बारीक शीळ ऐकूं येते.

सपाट रस्त्यावर बरी चालणारी गाडी चढावर किंवा ओव्हरटेक करतांना आचके देऊन थांबत असेल, तर मात्र पेट्रोलकडे वळावें. किल्ली फिरविल्यावर, सेल्फ मारण्यापूर्वीं, मागच्या बाकाखालून दोनेक सेकंद पंपाचा घूं असा आवाज आला पाहिजे. बंद पडलेल्या गाडींत तो येत नसेल, तर फ्यूज, रिले आणि पंप यांची तपासणी व्हावी. टाकीच्या बुडाला हातानें ठोकल्यावर गाडी सुरू झाली, तर पंप अखेरच्या घटका मोजीत आहे असें समजावें. या पंपाला थंडावा मिळतो तो भोंवतालच्या पेट्रोलचाच. नेहमीं तळाशीं आलेल्या टाकीवर गाडी चालविणाऱ्या काटकसरी गृहस्थांनीं हें लक्षांत घ्यावें. २०२५ पासून देशांतील पंपांवर मिळणारें पेट्रोल बहुतांशीं २० टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल पाणी ओढून घेतें आणि जुन्या जातीचें रबर बिघडवितें. महिनोन्महिने उभ्या असणाऱ्या जुन्या गाडीच्या नळ्या व गाळणी म्हणून वेळेवर पाहावी. गॅसवरही चालणारी गाडी असेल, तर एक सुरेख कसोटी आयतीच हाताशीं आहे: पेट्रोलवर बंद पडते आणि गॅसवर पडत नाहीं, असें असेल, तर ठिणगी निर्दोष, दोष पेट्रोलच्या वाटेवर.

बंद पडण्यापूर्वीं दिवे मंद होत असतील व बॅटरीचें तांबडें चिन्ह लागत असेल, तर वीज बनविणारा अल्टरनेटर पाहावा. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालू असतांना बहुधा १३.८ ते १४.५. इंजिन चालू असूनही आंकडा बारावरच रेंगाळत असेल, तर गाडी केवळ सांठ्यावर चालली आहे.

खड्ड्यांत आदळतांच गाडी क्षणभर किंवा कायमची बंद पडते, ही तक्रार असेल तर बॅटरीचीं टोकें आणि किल्लीचें कुलूप तपासावें. या कुलुपाबद्दल दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. अमेरिकेंत जनरल मोटर्स या कंपनीनें २०१४ सालीं सुमारें २६ लक्ष लहान गाड्या याच कारणासाठीं परत बोलाविल्या. किल्ली जागेवर धरून ठेवणारी आंतील कमान कमजोर होती. किल्लीबरोबर जड जुडगा लोंबकळत असला, किंवा चालकाचा गुडघा लागला, तर ती धांवत्या गाडींत एक घर मागें सरके. इंजिन बंद होई, आणि त्याबरोबरच अपघातांत छाती वांचविणाऱ्या हवेच्या पिशव्यांचाही वीजपुरवठा तुटे. कंपनीच्या अभियंत्यांना या कुलुपाची कुरकुर दहा वर्षांपूर्वींपासून ठाऊक होती. पुढें कमान बदलली, पण भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला. त्यामुळें नव्या गाड्यांत जें होत नाहीं तें जुन्यांत कां होतें, याचा शोध घेणारे कित्येक वर्षें चकले. नुकसानभरपाईच्या निधीनें अखेर १२४ मृत्यु या दोषामुळें घडल्याचें मान्य केलें. यांतील किती चालकांवर त्या वेळीं निष्काळजीपणाचा ठपका आला असेल, याची कल्पनाच करावी. आपल्या घरीं गाडीच्या किल्लीला कपाटाची, तिजोरीची, गांवच्या वाड्याची आणि पितळी गणपतीची संगत असते. गाडीची किल्ली एकटीच असावी. गणपतीला डॅशबोर्डवर अधिक चांगली जागा आहे.

पावसाळ्यांत सांचलेल्या पाण्यांत गाडी बंद पडली, तर नियम अगदीं उलटा होतो. येथें पुन्हा सेल्फ मारूंच नये. हवेबरोबर पाणी सिलिंडरांत शिरलेलें असेल, तर पिस्टनला तें दाबतां येत नाहीं, कारण पाणी हवेसारखें दबत नाहीं. आणि इंजिनाचे पोलादी दांडे वांकतात. पांचशें रुपयांत ओढून नेण्याजोगी गाडी एका सेल्फसरशी लाखाच्या खर्चांत पडते. पाणी चढत असेल, तर गाडीचा विचारही करूं नये. दारें व विजेच्या कांचा उघडत आहेत तोंवर बाहेर पडावें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां बंद गाडींतच अडकून प्राण गमावलेलीं माणसें होतीं.

गॅरेजांत गाडी देतांना ‘पंप बदला’ असें कधींही सांगूं नये. कारण मग पंप बदलला जातो आणि तुमचें सांगणें ऐकल्याचें पुण्यही त्यांनाच मिळतें. लक्षणें लिहून द्यावीं. ‘थंड असतांना त्रास नाहीं, पन्नास मिनिटांनंतर होतो’ हें एक वाक्य लिहिलेलें असेल, तर पांच मिनिटांची फेरी मारून ‘गाडी ठीक आहे’ म्हणण्याची सोय उरत नाहीं. कोणताही भाग बदलण्यापूर्वीं, तोच दोषी आहे हें कशावरून ठरविलें, असें नम्रपणें विचारावें. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाहीं. बहुधा तो आनंदानें हात पुसून समजावूं लागतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

आमचा तो सेन्सर वहिनींनीं कॉलेजांत नेला आहे. उष्णतेनें धातु कसा प्रसरण पावतो, हें शिकवितांना त्या तो वर्गांत फिरवितात. वही अजून गाडींतच असते. सध्यां तींत दादांच्या हातचा पेट्रोलचा हिशोब आहे, आणि गेल्या महिन्यांत लिटरमागें दीड किलोमीटर कमी कां झाले, याबद्दल एक प्रश्नचिन्ह.